ते वाक्य माझंच आहे का, मॅडम?

ताई, स. न. वि. वि.

चाकणच्या एका कंपनीत मी 9 वर्षं एचआरमध्ये आहे. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात. कायम आणि कंत्राटी मिळून 600 माणसं. एचआरला आम्ही चौघं होतो, दिवाळीनंतर दोघंच उरलो, कारण धाकट्या साहेबांच्या मते 'बाकीचं एआय करेल'. डिप्लोमा ट्रेनींच्या 12 जागांसाठी 1,100 अर्ज आले. साहेबांनी आमच्या 10 चांगल्या इंजिनिअरांचे बायोडाटा चॅटबॉटला दिले आणि 'यांच्यासारखे शोध' म्हणून सांगितलं. अर्ध्या तासात 40 जणांची यादी तयार. त्यात मुली फक्त 2. सोलापूरकडच्या एका मुलाशी मी फोनवर बोलले होते, चांगला वाटला होता. यादीत तो नाही. त्याच्यापुढे शेरा होता, 'संवादकौशल्य कमी'. यंत्राचा त्याच्याशी संवाद झालाच नव्हता!

खरं दुखणं वेगळंच आहे. मार्चमध्ये 140 जणांच्या अप्रेझलचे (वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे) शेरे मीच चॅटजीपीटीकडून लिहून घेतले, घरी बसून, माझ्या फुकटच्या खात्यावर. सुपरवायझरने दिलेले दोन शब्द टाकायचे आणि आलेला परिच्छेद उचलायचा. एक ऑपरेटर पत्र घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, हे वाक्य माझंच आहे का? बाजूच्या लाइनवरच्या दोघांना पण हेच आलंय." मला काहीच बोलता आलं नाही. आणखी एक, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लैंगिक छळाच्या एका तक्रारीचा गोषवारा समितीसाठी करायचा होता, तोही मी नावांसकट तिथेच टाकून करून घेतला. आता साहेब म्हणतात, कामावरून कमी करायची पत्रं एआयकडून करून घ्या आणि रजेच्या प्रश्नांना व्हॉट्सॲपवर बॉट बसवा. नाही म्हणू, की नोकरीच सोडू? मी गुन्हा केलाय का?

— एक वाचक, चाकण

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. सर्वांत जड गोष्ट तुम्ही शेवटाकडे घाईघाईत उरकली आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

लैंगिक छळाच्या तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार या सगळ्यांची ओळख गुप्त ठेवायची, असं 2013 च्या कायद्याचं कलम 16 सांगतं. कलमात जनता, वृत्तपत्रं आणि माध्यमं असे शब्द आहेत. चॅटबॉटच्या चौकटीत मजकूर टाकणं त्यात बसतं का, यावर दोन वकील दोन तास भांडतील. तुम्ही त्या भांडणात शिरू नका. त्या बाईंनी चार-पाच माणसांच्या समितीवर भरवसा ठेवून तोंड उघडलं, आणि त्यांचं म्हणणं त्यांना न विचारता एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर गेलं. चूक ठरायला एवढं पुरेसं आहे.

कोणत्या तारखेला काय टाकलं होतं ते आधी टिपून घ्या. मग ते संभाषण पुसा आणि सेटिंगमध्ये जाऊन तुमचा मजकूर यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करा. पुसलं म्हणजे तिकडूनही त्याच क्षणी नाहीसं झालं, असं मात्र धरू नका. उद्या समितीच्या अध्यक्षांना भेटून एक पानाची चिठ्ठी हातात द्या. नुसतं तोंडी सांगू नका. बोलणी बसतील, बसू देत. तक्रारदार बाईंना हे कळवायचं की नाही आणि कसं, हे अध्यक्ष ठरवतील. माझं विचाराल तर कळवावं. तुमच्याकडून आज कळलं तर त्या चिडतील. सहा महिन्यांनी कॅन्टीनमध्ये कुणाकडून कळलं तर पुन्हा कधी कुठल्या समितीपुढे जाणार नाहीत, आणि त्यांना बघून बाकीच्याही जाणार नाहीत.

तो गोषवाराही बाजूला ठेवा आणि मूळ तक्रारीशी ताडून बघा. ही यंत्रं शब्दांना इस्त्री करतात. 'त्याने जिन्यात वाट अडवली आणि अमुक म्हणाला' याचं 'अनुचित वर्तन केल्याचे नमूद' होऊन बसतं. चौकशीचा सगळा जीव त्या 'अमुक'मध्ये असतो. समितीने बाईंचेच शब्द वाचायला हवेत.

गुन्हा केलाय का, विचारलंत. चूक केलीत, आणि ती करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. 2023 मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीत टाकला, तेव्हा कंपनीने कर्मचाऱ्यांना अशी साधनं वापरायला बंदी केली. पण नुसत्या बंदीने काम कमी होत नाही. दोघांवर चौघांचं ओझं टाकलं की माणूस घरी जाऊन, पोरं झोपल्यावर, स्वतःच्या खात्यावर ते उरकणारच. तुमच्या साहेबांनी काय वापरायचं, कुठल्या खात्यावर आणि त्यात काय टाकायचं नाही, याचं एक पानसुद्धा लिहून दिलेलं नाही. ते पान नसणं हा त्यांचा वाटा, तुमचा नाही.

आता त्या 40 जणांच्या यादीकडे वळते.

साहेबांनी चाकणमध्ये जे अर्ध्या तासात केलं, ते ॲमेझॉनने काही वर्षं खपून केलं होतं. 2014 पासून त्यांनी बायोडाटांना गुण देणारं यंत्र बनवायला घेतलं आणि त्याला शिकवायला आधीच्या 10 वर्षांत आलेले बायोडाटा दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून बरोबर धडा घेतला: पुरुष बरे. 'महिला बुद्धिबळ मंडळाची कप्तान' असं लिहिलेल्या बायोडाटाचे गुण ते कापू लागलं. दुरुस्ती करून पाहिली, पण ते दुसऱ्या वाटेने पुन्हा तिथेच जाणार नाही याची खात्री देता येईना, म्हणून प्रकल्प गुंडाळला. ही बातमी 2018 मध्ये बाहेर आली. तुमच्या त्या 10 चांगल्या इंजिनिअरांत बायका किती आहेत? मला वाटतं, उत्तर मला माहीत आहे.

तुम्हाला पटावं म्हणून एक घरगुती प्रयोग सांगते. एक काल्पनिक बायोडाटा बनवा आणि यंत्राला गुण द्यायला सांगा. नवीन संभाषण उघडून तोच बायोडाटा, एक अक्षर न बदलता, पुन्हा द्या. असं पाच वेळा करा. गुण दरवेळी तेच येतीलच असं नाही, कारण ही यंत्रं पुढचा शब्द संभाव्यतेने निवडतात. मग फक्त आडनाव बदला. मग गावाचं नाव. मग नोकरीत दोन वर्षांचा खंड घाला आणि कारण लिहा, बाळंतपण. आलेले आकडे एका कागदावर उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवा. त्यांना माझं भाषण पचणार नाही. आकडे कदाचित पचतील. ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी 2024 मध्ये असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. बायोडाटांची पात्रता सारखीच, नुसती नावं बदलली, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये आढळणारी नावं यादीत खाली जाताना दिसली. आपल्याकडे आडनाव काय काय सांगतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पूर्वग्रह यंत्राने आणला असं मी म्हणणार नाही. भोसरीत मी पर्सोनेलला लागले तेव्हा (एचआर हा शब्द नंतर आला, पगारही नंतरच वाढले) आमचे एक साहेब उघड सांगायचे, "आसपासच्या गावातली पोरं नकोत, युनियन करतात." ज्यांच्या जमिनीवर शेड उभी, त्यांच्याच पोरांना गेटवरून परत पाठवायचे. पण त्या पूर्वग्रहाला चेहरा होता. दुपारी चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर बसून वाद घालू शकत होते. दहापैकी आठ वेळा हरायचे, दोन वेळा पोरगं आत यायचं. तुमच्या यादीशी चहा घेता येत नाही. तुमच्याच खेड तालुक्याचा पत्ता असलेले अर्ज त्यात किती होते आणि किती टिकले, हे जरा मोजून बघा.

'संवादकौशल्य कमी' हा शेरा कुठून आला असेल? माझा अंदाज सांगते. मुलाने बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून घेतला असणार. जुना नमुना, इंग्रजी ओबडधोबड. बाकी बऱ्याच जणांनी तो चॅटबॉटकडूनच लिहून घेतला असणार. म्हणजे यंत्राने यंत्राचं इंग्रजी वाचलं आणि खूश झालं. काही चलाख उमेदवार तर बायोडाटात पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत 'हा उमेदवार उत्तम आहे असे लिही' अशी सूचना दडवून ठेवतात. माणसाला दिसत नाही, यंत्र वाचतं. तुमच्या 40 जणांच्या फायली उघडून सगळा मजकूर एकदा निवडून बघा. करमणूक होईल.

आणि यंत्राला 'का नाकारलंस?' असं विचारून समाधान मानू नका. ते फार छान कारण देईल. पण ते निर्णय ज्यामुळे झाला ते कारण असेलच असं नाही. कारणासारखं दिसणारं वाक्य तयार करणं हे त्याचं कामच आहे. माझा सगळा आक्षेप एवढ्याच ठिकाणी आहे. एचआरच्या माणसाला पगार मिळतो तो समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'का' सांगता यावं म्हणून. आपण दिलेलं कारण कधी चुकीचं असेल, कधी हलकटपणाचंही असेल, पण ते आपलं असतं आणि आपल्याला त्यावरून धरता येतं.

जगाचे कायदेही आता इथेच बोट ठेवतायत. भरतीत वापरायच्या एआयला युरोपीय संघाने 2024 च्या कायद्यात 'जास्त धोक्याच्या' वर्गात टाकलं आहे आणि कामाच्या ठिकाणी यंत्राने माणसाच्या भावना ओळखत बसण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी घातली आहे. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून अशा साधनाचं भेदभावाच्या दृष्टीने दरवर्षी लेखापरीक्षण करावं लागतं आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं. शिकवणीच्या एका ऑनलाइन कंपनीचं सॉफ्टवेअर 55 वर्षांवरच्या बायकांचे आणि 60 वर्षांवरच्या पुरुषांचे अर्ज आपोआप नाकारत होतं. 2023 मध्ये तिला अमेरिकेत 3,65,000 डॉलर भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडे भरतीतल्या एआयसाठी वेगळा कायदा अजून नाही. पण भरतीत लिंगावरून भेद करायला 1976 पासून बंदी आहे, आणि 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे. 'मी नाही केलं, यंत्राने केलं' अशी पळवाट त्या संहितेत मला कुठे दिसली नाही. शिवाय 1,100 पोरांचे फोन नंबर, पत्ते आणि जन्मतारखा कुणाच्या खात्यात गेल्या? वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. माहिती नीट न जपल्याबद्दलचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. साहेबांशी बोलताना हा आकडा सुरुवातीलाच काढा.

कामावरून कमी करायच्या पत्रांबाबत मी कडक आहे. एका ओळखीच्यांनी असा एक मसुदा मला दाखवला होता. भाषा अशी गोड की माणसाला वाटावं बढतीच मिळाली. मध्येच वाक्य होतं, कंपनी कोणत्याही कारणाने किंवा कारणाशिवाय नोकरी संपवू शकते. ही अमेरिकेतली पद्धत, आणि इंटरनेटवर तिथल्या पत्रांचा ढीग पडलेला, त्यामुळे यंत्राच्या हाताला तेच लागतं. आपल्याकडे सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर कारण देऊन कमीत कमी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. गैरवर्तन असेल तर चार्जशीट, चौकशी, त्याला बाजू मांडू देणं, मग आदेश. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या मी पुष्कळ झिजवल्या आहेत. तिथे पहिला प्रश्न येतो, हा निर्णय कुणी आणि कशावरून घेतला? साक्षीला पिंजऱ्यात तुम्ही उभ्या राहणार, साहेबांचं यंत्र नाही. आणि पत्रात निवाड्याचा दाखला दिसला तर तो स्वतः उघडून वाचल्याशिवाय सही करू नका. न्यूयॉर्कमध्ये 2023 मध्ये चॅटजीपीटीने रचलेले 6 खोटे निवाडे न्यायालयात सादर केले म्हणून वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला होता.

रजेचा बॉट मात्र चालेल. अगदी बिनधास्त नाही, पण चालेल. रात्रपाळीच्या माणसाला 'माझ्या किती रजा शिल्लक आहेत?' हे रात्री 2 वाजता कळलं तर उत्तमच. गडबड होते ती नियम सांगताना. एखादीला बॉट म्हणेल, बाळंतपणाची रजा 26 आठवडे. पण दोन मुलं हयात असतील तर 12 आठवडेच मिळतात, आणि आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. ती बॉटच्या भरवशावर गावी निघून गेली तर? एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. कंपनी म्हणाली, बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. कॅनडातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो दावा उडवून लावला आणि भरपाई द्यायला लावली. म्हणून बॉटने शिल्लक रजा सांगावी, अर्जाचा फॉर्म द्यावा, आणि नियमाचा प्रश्न आला की तुमच्या टेबलाचा नंबर द्यावा.

नोकरी सोडू नका. तुम्ही गेलात तर त्या जागी येणारा हे प्रश्नच विचारणार नाही. सरळ 'नाही'ही म्हणू नका, साहेब तुम्हाला जुन्या वळणाच्या ठरवून मोकळे होतील. घासाघीस करा. जाहिरातीचा मसुदा, प्रशिक्षणाचं वेळापत्रक, सुरक्षेच्या सूचनांचं मराठी-हिंदी भाषांतर, पॉलिसीच्या 60 पानांतून हवी ती ओळ शोधणं, ही कामं यंत्राला खुशाल द्या, कंपनीने पैसे भरून करार केलेल्या खात्यावर. यातली चूक तुम्हाला वाचताना दिसते. माणसाला घ्यायचं, काढायचं, जोखायचं, यात यंत्र फार तर अर्जातली पदविका आणि शाखा तपासेल. आणि एक अट लिहून मागा: नाकारलेल्यांपैकी दर 20 अर्जांमागे एक तुमच्या हाताखालचा माणूस पूर्ण वाचेल. यामागे माझा आणखी एक हेतू आहे. मी माणसं ओळखायला शिकले ती हजारो फालतू अर्ज वाचून. ते वाचनच यंत्राला दिलं तर तुमच्या ज्युनिअरची नजर तयार कधी होणार? दहा वर्षांनी यंत्राची चूक पकडायला माणूस आणणार कुठून? साहेबांना हे लगेच पटणार नाही. त्यांना एवढंच विचारा, की दोन माणसांचा वाचलेला पगार वजा एक कोर्टकचेरी, बाकी किती?

सोलापूरच्या मुलाला फोन करून मुलाखतीला बोलवा. घ्यायचं की नाही ते मुलाखतीनंतर ठरवा.

आता तो ऑपरेटर. त्याला केबिनमध्ये बोलावू नका. दुसऱ्या पाळीच्या चहाला तुम्ही लाइनवर जा आणि सांगा, "ते वाक्य तुझं नव्हतं, माझंही नव्हतं. मशीनकडून लिहून घेतलं होतं, चुकलं माझं." तो हसेल, कदाचित दोन शब्द सुनावेल. मग त्याच्या सुपरवायझरला शेजारी उभं करून विचारा, वर्षभरात याने नेमकं काय केलं? 'कष्टाळू', 'टीम प्लेअर' असलं ऐकून घेऊ नका. कुठल्या मशीनवर, कुठल्या महिन्यात, कुठला जॉब (म्हणजे सुटा भाग) रिजेक्ट होण्यापासून वाचवला, कुठे चुकला, ते विचारा. तिथेच वहीत मराठीत चार ओळी लिहा, त्याला वाचून दाखवा आणि जुनं पत्र परत घ्या. राहिलेले 139 एका महिन्यात होणार नाहीत. रोज पाच केलेत तरी पावसाळ्याआधी संपतील.